शिल्लक

माझ्या खिडकीशी दोन तऱ्हेचं दुखणं येतं.
एकाला नाव लागत नाही.
"डोकं धरलंय, काहीतरी द्या," एवढं म्हणत हात आत येतो,
मी कात्रीनं पट्टी कापते,
सुटे नसले तर वर आणखी दोन गोळ्या.
चॉकलेटच्या बरणीशेजारीच असतात त्या.

दुसरं कुलपात.
किल्ल्या दोन, एक माझ्याकडे, एक डॉक्टरबाईंकडे.
लाल पाठीची वही, रकाने आखलेले:
आवक, जावक, कुणाला, किती, सही.
शेवटचा रकाना शिल्लक.

पॅरासिटामॉल ताप उतरवते, कळ जरा बोथट करते
आणि अति झाली की गुपचूप यकृताकडे वळते.
सातपूरचा एक फिटर तीन रंगांच्या गोळ्या एकदम घ्यायचा,
सर्दीची, अंगदुखीची, तापाची.
पाकिटांमागची बारीक अक्षरं मी मोठ्यानं वाचली.
तिन्हींत तीच.
"म्हणजे एकच बाई तीन लुगड्यांत?" म्हणाला.

आयबुप्रोफेन सूज असेल तिथं जाऊन भांडते,
उपाशीपोटी घेतली तर जठराशीही.
डायक्लोफेनॅक तिची चुलतबहीण.
माझे वडील गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर,
ती सुई त्यांनी शेकडो बैलांना टोचली.
मग हरसूलकडे मेलेल्या ढोरावर
गिधाडं उतरेनाशी झाली.
ते फार वर्षांनी कळलं, तेव्हा त्या दिवशी जेवले नाहीत.

मॉर्फिन कुणाशी भांडत नाही.
अफूच्या बोंडाचा चीक मुळातला,
जखमेकडे ते फिरकतही नाही.
वर मेंदूत जाऊन बसतं आणि दुखण्याला सांगतं,
आहेस तू, पण जरा लांब उभं राहा.

निरभवणेकाका नाशिकरोडहून यायचे, दर महिन्याच्या पाच तारखेला.
प्रेसमध्ये छत्तीस वर्षं नोटा तपासलेल्या.
एक कमी भरली तर सापडेपर्यंत कुणी घरी जायचं नाही, सांगायचे.
माझी वही जाचक वाटली नाही असा तोच एक माणूस.
साठ गोळ्या ओठ न हलवता मोजत.
पहिल्या खेपेला मात्र अडखळले,
"ताई, सवय लागंल का हिला?"
शेवंताबाईंच्या मणक्यात पोचलं होतं तोवर.
मी म्हटलं, सवय त्यांना दुखण्याची लागलीय, काका.
घड्याळ लावून द्या. सोबत हे पोट साफ व्हायचं, रोज.
फार गुंगल्या, श्वास मंदावला, तर लगेच फोन.

पुढच्या पाच तारखेला रांग मोडून खिडकीशी आले.
"सलग पाच तास झोपली.
उठली ती म्हणाली, काल भाजीत मीठ नव्हतं."
लॉटरी लागल्यासारखे सांगत होते.

आले ते एका मंगळवारी, तारीख नसताना.
थंडी अशी की शाईचं पेन चालेना.
रुमालाची गाठ सोडली.
"अकरा आहेत. मोजून घ्या."
मी मोजल्या. त्यांनीही मोजल्या.
परत आलेल्याला वहीत रकाना नाही.
ती दुसऱ्या कुणाला देता येत नाही,
दोघांच्या साक्षीनं नष्ट करायची.
समासात मी लिहिलं, परत, अकरा.
त्यांनी सही केली, नेहमीसारखीच, खाली दोन टिंबं.

तरी हलेनात.
"डोकं जड झालंय कालपासून. काहीतरी साधं द्या."
मी दोन कापल्या.
त्यांनी खिशातलं पेन पुन्हा काढलं.
"नाही लागत, काका. याला सही नाही लागत."
"कुणीच लिहून ठेवत नाही?"
"नाही."
पैसे बरोबर मोजून ठेवले, सगळे सुटे,
आणि मिटलेल्या वहीकडे बघत राहिले.

मागून कुणीतरी म्हणालं,
"ओ बाबा, सरका ना जरा."